मार्क ट्वेन : एक पट्टा, एक यंत्र आणि एक ऋण

मार्क ट्वेन हे नाव उच्चारताच टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन ही दोन खोडकर मुले डोळ्यांसमोर उभी राहतात. मिसिसिपी नदीकाठच्या या मुलांना जगभरच्या वाचकांनी, आणि अनुवादांच्या वाटेने मराठी वाचकांनीही, आपल्या घरचे मानले. परंतु या विनोदी लेखकाची नोंद अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातही आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९ डिसेंबर १८७१ रोजी त्या कार्यालयाने १,२१,९९२ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. शोध होता कपड्यांना लावावयाच्या एका पट्ट्याचा. तो हवा तेवढा घट्ट वा सैल करता येई आणि एका कपड्यावरून काढून दुसऱ्याला लावता येई. संशोधकाचे नाव होते सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. हेच मार्क ट्वेन यांचे मूळ नाव.

सॅम्युएलचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसुरी राज्यातील फ्लोरिडा नावाच्या एका छोट्याशा खेड्यात झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपीच्या काठी असलेल्या हॅनिबल या गावी राहावयास आले. वडील कायद्याचे जाणकार आणि सचोटीचे होते, पण व्यवहारात त्यांना यश कधी लाभले नाही. टेनेसी राज्यात त्यांनी हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती आणि ती एक दिवस मुलांना श्रीमंत करील अशी त्यांची श्रद्धा होती. तो दिवस उगवलाच नाही. १८४७ मध्ये वडील वारले, तेव्हा सॅम अवघा अकरा वर्षांचा होता. मोठ्या धनलाभाची आशा मात्र वारशासारखी त्याच्या मनात राहिली. तिचा हिशेब पुढे त्याला चुकवावा लागणार होता.

लवकरच शाळा सुटली आणि सॅम गावातील छापखान्यात उमेदवारीला लागला. तेथे तो जुळाऱ्याचे काम शिकला. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, ओळीत उलटा बसवायचा, पान छापून झाले की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. हे काम डोळ्यांना शिणवणारे आणि बोटांना कंटाळा आणणारे होते. पण शब्दांशी त्याची पहिली ओळख अशी बोटांच्या टोकांनी झाली. थोरला भाऊ ऑरियन याच्या वर्तमानपत्रातही त्याने हेच काम केले. पुढे सेंट लुईस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया येथील छापखान्यांत पोट भरीत तो फिरला.

१८५७ मध्ये त्याने नदीची वाट धरली. मिसिसिपीवरील आगबोटीच्या सुकाणूवर बसणे हे हॅनिबलच्या प्रत्येक मुलाचे स्वप्न असे. होरेस बिक्सबी या अनुभवी सुकाणूधराच्या हाताखाली त्याने नदीचे वळण न् वळण पाठ केले आणि १८५९ मध्ये परवाना मिळवला. याच काळात, १८५८ मध्ये, धाकटा भाऊ हेन्री एका आगबोटीच्या बाष्पपात्राच्या स्फोटात मृत्युमुखी पडला. हे दुःख त्याला आयुष्यभर सलत राहिले. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, नदीवरील वाहतूक थांबली आणि सॅम ऑरियनबरोबर नेवाडाकडे निघाला. तेथे चांदीच्या खाणींत नशीब काढण्याचा त्याने प्रयत्न केला. चांदी मिळाली नाही. वर्तमानपत्रातील नोकरी मिळाली. फेब्रुवारी १८६३ मध्ये त्याने आपल्या लेखाखाली प्रथमच मार्क ट्वेन हे नाव घातले. आगबोटीवर पाण्याची खोली मोजणारा माणूस दोन वाव, म्हणजे बारा फूट, पाणी असल्याची आरोळी या शब्दांत देत असे. तेवढे पाणी बोटीला सुरक्षित समजले जाई.

येथून मार्क ट्वेन यांची कीर्ती वाढत गेली. १८६७ मध्ये त्यांनी युरोप आणि पॅलेस्टाईनचा प्रवास केला. त्यावर लिहिलेल्या १८६९ च्या पुस्तकाने त्यांना देशभर नाव मिळवून दिले. २ फेब्रुवारी १८७० रोजी एल्मायरा येथील ऑलिव्हिया लँग्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी हे दांपत्य हार्टफर्ड या शहरी राहावयास आले, आणि त्याच वर्षी पट्ट्याचा शोध लागला.

त्या काळी पुरुषांच्या पोशाखात पाटलोण जागेवर ठेवण्यासाठी खांद्यावरून गॅलिस घेत. मार्क ट्वेन यांना गॅलिसचा मनस्वी तिटकारा होता. जाकीट अंगासरशी बसावे म्हणून त्याच्या पाठीवर एक पट्टा आणि बक्कल शिवलेले असे. अशा बकलाला अणकुचीदार दात असत. ते कापडात रुतून पट्टा धरून ठेवीत. पण त्यामुळे कापड विरत जाई. शिवाय कापडी पट्टा ताणत नसे. उभे असताना नीट बसलेले जाकीट बसल्यावर वा वाकल्यावर आवळे, आणि सैल केले तर उभे राहिल्यावर लोंबे. पट्टा शिवलेलाच असल्याने प्रत्येक कपड्याला वेगळा पट्टा लागे आणि कपडा फाटला की त्याच्याबरोबर पट्टाही वाया जाई.

मार्क ट्वेन यांचा उपाय साधा होता. पट्टा शिवायचाच नाही. तो कपड्याहून वेगळा ठेवायचा. तो इलॅस्टिकचा करायचा, म्हणजे शरीराच्या हालचालीबरोबर तो ताणेल आणि पुन्हा आखडेल. त्याची टोके कपड्याला अशी अडकवायची की ताण कमीअधिक करता यावा आणि वाटेल तेव्हा पट्टा काढून दुसऱ्या जाकिटाला वा पाटलोणीला लावता यावा. या कल्पनेला काळही अनुकूल होता. रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ व लवचीक करण्याच्या पद्धतीचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले होते आणि इलॅस्टिक बाजारात सहज मिळू लागले होते. माल नवा होता, अडचण जुनी होती. दोहोंची गाठ घालणारा माणूस तेवढा हवा होता. आज लहान मुलांच्या पाटलोणीच्या कमरेत, आतल्या बाजूने, ओळीने काजे असलेली इलॅस्टिकची पट्टी असते. मूल वाढले की आई पुढच्या काजात बटण घालून कंबर सैल करते. या पट्टीमागचे तत्त्व त्याच जातीचे आहे.

पेटंट मात्र सहजासहजी मिळाले नाही. बाल्टिमोरच्या हेन्री लॉकवुड नावाच्या गृहस्थांनीही अशाच पट्ट्यासाठी अर्ज केला होता. अमेरिकेत तेव्हा जो आधी शोध लावील त्याचा हक्क मानला जाई. त्यामुळे कल्पना कोणाला आधी सुचली, याची चौकशी झाली. मार्क ट्वेन यांनी आपली हकिकत लेखी सादर केली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. लेखक म्हणून नाव झालेल्या माणसाने एका पट्ट्यासाठी एवढी खटपट करावी, याचे लोकांना नवल वाटेल. पण रोजच्या वापरातील गैरसोय ही त्यांच्या लेखी क्षुल्लक बाब नव्हती. जी वस्तू टोचते, काचते, ती तशीच का असावी, हा प्रश्न ते कपड्यांना विचारीत आणि समाजातील रूढींनाही विचारीत.

पट्ट्याने त्यांना धन दिले नाही. १८७३ मध्ये त्यांनी कात्रणवहीचे दुसरे पेटंट घेतले. तिच्या पानांवर आधीच गोंद लावलेला असे. पान ओलसर केले की कात्रण चिकटे. ही वही चांगली खपली. १८८५ मध्ये इतिहासातील सनावळी लक्षात राहावी म्हणून तयार केलेल्या खेळाचे तिसरे पेटंट त्यांना मिळाले. तो खेळ चालला नाही. तिन्ही शोधांत एक गोष्ट समान होती. ते त्यांच्या स्वतःच्या गरजेतून निघाले होते आणि त्यांचे मर्म त्यांना पुरते उमगले होते.

हार्टफर्डची वर्षे लेखनदृष्ट्या सर्वांत समृद्ध ठरली. टॉम सॉयरची कथा १८७६ मध्ये आली, मिसिसिपीवरील जीवनाचे पुस्तक १८८३ मध्ये, आणि हकलबेरी फिन अमेरिकेत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी प्रकाशित करून तिने ग्रँट यांच्या पत्नीला दोन लाख डॉलरचा धनादेश दिला, तेव्हा सारा देश थक्क झाला.

याच सुमारास एक यंत्र त्यांच्या आयुष्यात आले. जेम्स पेज नावाचा संशोधक खिळे आपोआप जुळवणारे यंत्र बनवीत होता. लहानपणी एकेक खिळा बोटांनी उचललेल्या माणसाला या यंत्राने भुरळ घातली नसती तरच नवल. यंत्राचे सुमारे अठरा हजार सुटे भाग होते. ते चालले की डोळ्यांचे पारणे फिटे. पण ते चालत राहत नसे. सतत काही तरी बिघडे, पेज ते सुधारीत, आणि सुधारणेसाठी पुन्हा पैसा लागे. १८८० पासून जवळजवळ चौदा वर्षे मार्क ट्वेन पैसा ओतत राहिले. एकूण रक्कम तीन लाख डॉलरच्या घरात गेली. दरम्यान १८८६ मध्ये मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात चालू झाले होते. ते सुटे खिळे जुळवीत न बसता अख्खी ओळच ओतून काढी. पुढे काही वर्षांनी मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीही लंडनमध्ये खिळे ओतण्याच्या यंत्रावर आपली प्रतिभा पणाला लावली. छपाई वेगवान करण्याचा ध्यास त्या काळी जगभर होता. १८९४ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रात पेज यांच्या यंत्राची कसोटी झाली आणि ते तिला उतरले नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रकाशनसंस्थाही बुडाली. सुमारे एक लाख डॉलरचे कर्ज डोक्यावर राहिले. उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी मित्र म्हणून व्यवहार हाती घेतला आणि पुस्तकांचे हक्क ऑलिव्हिया यांच्या नावे सुरक्षित केले. रुपयामागे काही आणे देऊन मोकळे होण्याची वाट कायद्याने खुली होती. व्यापारात तशी रीतही होती. पण मार्क ट्वेन आणि ऑलिव्हिया या दोघांनीही पै न् पै फेडण्याचा निश्चय केला. त्यासाठी साठीला टेकलेल्या, प्रकृतीने खंगलेल्या लेखकाने जुलै १८९५ मध्ये जगाच्या व्याख्यानदौऱ्याला प्रारंभ केला. बरोबर पत्नी आणि मधली मुलगी क्लारा होती. थोरली सूझी आणि धाकटी जीन अमेरिकेतच राहिल्या.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करीत हे कुटुंब जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरले आणि वॉटसन हॉटेलात राहिले. मुंबईचे रंग, गर्दी आणि विशेषतः तेथील धीट कावळे यांनी त्यांना मोहून टाकले. कावळ्यांवर त्यांनी पुढे मोठ्या मिस्किलपणे लिहिले. खोकल्याने बेजार असतानाही ते व्यासपीठावर उभे राहिले. मुंबईनंतर पुणे, बडोदे, अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग असा दीर्घ प्रवास आगगाडीने झाला. श्रोत्यांना हसवणाऱ्या या माणसाच्या प्रत्येक व्याख्यानाचे उत्पन्न धनकोंच्या वहीत जमा होत होते, हे त्या हसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

दौरा संपवून ते इंग्लंडला पोहोचले. लेकी येऊन भेटणार, अशी आशा होती. त्याऐवजी वार्ता आली ती सूझीच्या मृत्यूची. १८ ऑगस्ट १८९६ रोजी मेंदूज्वराने ती गेली, तेव्हा चोवीस वर्षांची होती. तशा मनःस्थितीत त्यांनी प्रवासाचे पुस्तक लिहून पुरे केले आणि ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९८ च्या प्रारंभी शेवटच्या धनकोचे देणे फिटले.

संकटाने माणूस सर्वस्वी बदलतो असे नाही. दुधापासून बनवलेल्या पौष्टिक भुकटीच्या धंद्यात त्यांनी पुढेही पैसा घालवला. परंतु लोकांच्या मनात त्यांचे स्थान आता लेखकापलीकडे गेले होते. १९०७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडलेल्या जुळाऱ्याचा तो गौरव होता. १९०४ मध्ये ऑलिव्हिया आणि १९०९ मध्ये जीन यांचा वियोग त्यांना सोसावा लागला. २१ एप्रिल १९१० रोजी रेडिंग येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्माच्या वर्षी दिसलेला हॅलेचा धूमकेतू तेव्हा पुन्हा सूर्याजवळ आला होता.

पेज यांचे एक यंत्र हार्टफर्डच्या त्यांच्या स्मारकगृहात आजही जपून ठेवलेले आहे. लोक ते पाहतात आणि एवढ्या बुद्धिमान माणसाची फसगत कशी झाली, याचे आश्चर्य करतात. दुसऱ्याच्या बुद्धीतून निघालेले, स्वतःला न उलगडणारे ते यंत्र मार्क ट्वेन यांनी केवळ आशेच्या बळावर पोसले. पट्टा मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेल्या गैरसोयीतून, स्वतःच्या डोक्याने घडवला. फसगत झाल्यावर त्यांनी दोष पेज यांना दिला, नशिबालाही दिला. पण देणे स्वतः फेडले.

भिलाई ही पोलादाची नगरी आहे. येथील रुळांवरून देशभर आगगाड्या धावतात, आणि भव्य यंत्रांचा आदर येथल्या मुलांच्या रक्तातच आहे. तो असावाच. पण याच घरांतून एखादी मुलगी दप्तराचा निसटणारा बंद स्वतःच्या युक्तीने अडकवते, एखादा मुलगा सायकलच्या मागे डबा बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी कापतो. अशा वेळी पालकांनी घटकाभर थांबून, ते कसे केले, हे त्याला वा तिला विचारावे. त्या युक्तीला पेटंट मिळणार नाही, पैसाही मिळणार नाही. विचारणारे कोणी आहे हे कळले, तर मूल पुढच्या गैरसोयीकडे अधिक बारकाईने पाहील.