भुईमुगाच्या तेलावर चाललेले इंजिन

मळ्यातील विहिरीचे पाणी उपसणारे आणि गावातील पिठाची गिरणी फिरविणारे डिझेल इंजिन धुळे-जळगावच्या जुन्या पिढीला चांगलेच परिचित आहे. ‘डिझेल’ हे एका माणसाचे आडनाव होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. त्या माणसाचे इंजिन एकदा भुईमुगाच्या तेलावरही चालले होते. भुईमूग आणि सरकी पिकविणाऱ्या, तेलगिरण्यांची परंपरा सांगणाऱ्या खान्देशाला रुडॉल्फ डिझेल यांचे चरित्र म्हणूनच जवळचे वाटावे.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन कारागीर कुटुंबात झाला. १८७० मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटले आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. पुढे म्युनिक येथे प्राध्यापक कार्ल लिंडे यांच्या हाताखाली शिकताना, वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी आणते, हे त्यांना उमगले. वाया जाणारी ही उष्णता वाचविण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

हवा प्रचंड दाबाने इतकी तापवायची की त्यात सोडलेले इंधन ठिणगीविना पेटावे, ही त्यांची कल्पना. तिचे पेटंट त्यांना १८९३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला ऑग्सबुर्ग येथे पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण उडाले. पण इंधन आपोआप पेटते, हे सिद्ध झाले. १८९७ मध्ये त्यांच्या इंजिनाने उष्णतेचा २६ टक्के भाग कामात रूपांतरित करून दाखविला.

याच १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो आणि त्या दिवशी इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ती चाचणी खनिज तेलावरच झाली होती. भुईमुगाचे तेल वापरले गेले ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. आफ्रिकेतील वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगावर तिथल्या तिथे इंजिने चालविता यावीत, ही फ्रेंच सरकारची इच्छा होती. ऑटो कंपनीचे छोटे इंजिन त्या तेलावर विनातक्रार चालले. पुढे डिझेल यांनी स्वतः असे प्रयोग केले आणि १९१२ मध्ये वनस्पती तेलांच्या भवितव्याबद्दल जाहीर विश्वास व्यक्त केला.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही तेले कार्बन व हायड्रोजनचीच. खनिज तेलातील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात गाडला गेलेला. तो जाळला की वातावरणात नवी भर पडते. भुईमुगाने तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. मात्र खत, मशागत व गाळप यांवर खर्च होणारी ऊर्जाही हिशेबात धरावी लागते. वनस्पती तेलात सुमारे दहा टक्के ऑक्सिजन असल्याने त्याची उष्णता काहीशी कमी भरते. शिवाय ते कितीतरी पट घट्ट असल्याने इंजिनात काजळी धरते. अल्कोहोलशी प्रक्रिया करून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढले की हा दोष दूर होतो आणि बायोडिझेल तयार होते. खनिज तेल स्वस्त व मुबलक मिळत गेल्याने ही वाट अनेक दशके मागे पडली.

डिझेल यांना ती पाहता आली नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. ते कर्जात बुडाले होते. मृत्यूचे गूढ मात्र कायम राहिले.

त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न खान्देशच्या शिवारातही उभा आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागविणाऱ्या देशात भुईमुगाचे तेल इंजिनात ओतणे परवडणारे नाही. म्हणूनच २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने अखाद्य तेलबिया आणि तळून उरलेल्या तेलावर भर दिला. ताटातले तेल ताटातच राहावे आणि कढईत उरलेले इंजिनात जावे, हा त्यातला व्यवहार शेतकऱ्याला आणि गृहिणीला सहज पटण्यासारखा आहे.