हृदयाचा प्रतिध्वनी टिपणारे डॉ. एडलर

अतिदक्षता विभागात एखाद्या रुग्णाचे हृदय थांबते आणि छातीवर दाब देण्यास प्रारंभ होतो, तेव्हा डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कारणाचा. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचले, की फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकली? उपचार प्रत्येकाचा निराळा आणि हाती असतात मोजकी मिनिटे. छातीवर प्रोब टेकवून आत डोकवायचे, तर दाब देणारे हात थांबवावे लागतात. म्हणूनच काही रुग्णालयांत अशा वेळी बेशुद्ध रुग्णाच्या अन्ननलिकेत बारीक प्रोब उतरवला जातो. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असल्याने दाब चालू असतानाही आतील चित्र पडद्यावर उमटत राहते. दाब नेमका डाव्या खालच्या कप्प्यावर पडतो आहे, की त्यातून बाहेर पडणारी रक्ताची वाटच दाबली जात आहे, हेही त्यात दिसते आणि हात किंचित सरकवता येतो.

या विद्येचे मूळ स्वीडनमधील लुंड या विद्यापीठनगरीत आणि एका उसन्या यंत्रात आहे. तिचे जनक डॉ. इंगे एडलर यांचा जन्म १७ मार्च १९११ रोजी दक्षिण स्वीडनमधील बुर्लोव्ह येथे झाला. लुंड विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते हृदयरोगाकडे वळले आणि पुढे तेथील विद्यापीठ रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

तो काळ मायट्रल झडपेवरील शस्त्रक्रियांच्या आरंभाचा होता. ऱ्हुमॅटिक तापाने आकसलेली झडप शल्यविशारद धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करीत. मात्र झडप आकसण्याऐवजी गळकी झालेली असेल, तर हीच शस्त्रक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतण्याची भीती असे. कोणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवायचे, याचा निर्णय एडलर यांच्यासारख्या डॉक्टरांना घ्यावा लागे, आणि स्टेथोस्कोप, क्ष-किरण व हृदयात घातलेली नळी ही सारी साधने वापरूनही तो चुकू शके. छाती उघडल्यावर चूक कळण्यात काय अर्थ?

युद्धकाळात रडारची कीर्ती सर्वत्र पसरली होती. रडारने हृदय पाहता येईल का, ही शंका घेऊन एडलर १९५३ मध्ये कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला भेटले. नोबेल विजेते गुस्ताव्ह हर्ट्झ यांचा हा मुलगा. रडारऐवजी श्राव्यातीत ध्वनिलहरी, म्हणजेच अल्ट्रासाउंड, उपयोगी पडतील असे त्याने सुचवले. जवळच्या माल्मो शहरातील कोकुम्स जहाजबांधणी कारखान्यात धातूतील भेगा शोधण्यासाठी असे यंत्र वापरले जाई. ते वापरून पाहताच हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी पडद्यावर दिसला. हर्ट्झच्या वडिलांच्या ओळखीने पुढे सीमेन्स कंपनीचे यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालींचा पहिला आलेख सरकत्या फिल्मवर टिपला गेला. जहाजाच्या पत्र्यांसाठी बनलेल्या यंत्राने काळजाचा ठाव घ्यावा, हे विलक्षणच.

यश मात्र निर्दोष नव्हते. आकसलेल्या झडपेच्या रुग्णांत एक ठळक रेषा संथपणे खाली उतरते, हे एडलर यांनी हेरले व निदानासाठी वापरलेही. ती रेषा डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची असावी, असा त्यांचा समज होता आणि तो चुकीचा होता. स्वतःच्याच निष्कर्षावर विसंबून न राहता त्यांनी मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांच्या छातीवर ध्वनिलहरींची दिशा नोंदवली आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्या रेषेवर काय येते ते तपासले. ती रेषा भिंतीची नव्हे, तर मायट्रल झडपेच्या पुढील पाकळीची निघाली. ज्या झडपेचे कोडे घेऊन ते निघाले होते, तीच नकळत समोर आली होती. हृदयाभोवती साचलेला द्रव या तंत्राने दिसतो, हेही त्यांनी १९५५ मध्येच नोंदवले होते.

१९६० मध्ये रोम येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत त्यांनी या तंत्रावरील चित्रपट दाखवला. तरीही जगाने ते लगेच उचलून धरले नाही. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे फायगेनबाउम यांनी त्याचा पाठपुरावा सुरू केला, तेव्हा कुठे प्रसाराला वेग आला. आज शहरातील लहान-मोठ्या दवाखान्यांत सर्रास लिहून दिली जाणारी 'इको' तपासणी ती हीच. अन्ननलिकेतून हृदय पाहण्याचा प्रयोग १९७६ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांत ते तंत्र शस्त्रक्रियागृहात स्थिरावले आणि तेथून अतिदक्षता विभागात आले.

१९७७ मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेलने मात्र त्यांची दखल घेतली नाही, ही उणीव खटकणारीच. हर्ट्झ १९९० मध्ये निवर्तले. एडलर यांचे निधन ७ मार्च २००१ रोजी झाले, तेव्हा त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला दहाच दिवस उरले होते.