नियमांची हद्द आखणारा वैयाकरण : नागेशभट्ट काळे

दख्खनमधून उत्तरेकडे जाणारी जुनी मुख्य वाट तापीच्या काठी उतरत असे. अलीकडे जैनाबाद, पैलतीरी बुऱ्हाणपूर. फारुकी सुलतान नासिरखानाने वसवलेल्या या जोडगावांपैकी एकाला सुफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव मिळाले, दुसऱ्याला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे. १६३१ मध्ये मुमताजमहलचा देह आग्ऱ्याला नेण्यापूर्वी काही महिने जैनाबादच्या बागेत विसावला होता. या गावाची आजची ओळख तेवढीच उरली आहे. मात्र त्या काळी तापीचा हा उतार ओलांडून केवळ फौजा आणि व्यापारी जात नव्हते. महाराष्ट्रातील शास्त्री-पंडितांची घराणीही उत्तरेत जाऊन काशीत स्थिरावत होती. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत काशीच्या विद्वत्सभेत दाक्षिणात्य पंडितांचा दबदबा निर्माण झाला तो या स्थलांतरामुळेच. नागेशभट्ट ऊर्फ नागोजीभट्ट काळे हे त्या परंपरेतले अखेरचे महान वैयाकरण.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म झाला. पिता शिवभट्ट, माता सती. ‘सिद्धान्तकौमुदी’कार भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांच्यापाशी ते व्याकरण शिकले. हरि दीक्षितांच्या नावावर असलेला ‘शब्दरत्न’ हा ग्रंथ वस्तुतः नागेशांनीच लिहून गुरुचरणी वाहिला, असे पंडितपरंपरा सांगते. शृंगवेरपूरचा राजा रामसिंह हा त्यांचा आश्रयदाता होता. जयपूरच्या सवाई जयसिंहाने यज्ञासाठी धाडलेले निमंत्रण त्यांनी नाकारल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. काशी न सोडण्याचे व्रत आपण घेतले आहे, असे त्यांनी राजाला कळवले म्हणतात. धर्मशास्त्र, अलंकारशास्त्र, योग अशा अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. परंतु त्यांचे नाव अजरामर झाले ते व्याकरणामुळे, आणि त्यातही ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथामुळे.

या ग्रंथाचा विषय शब्द नव्हे, शब्दांचे नियमही नव्हेत. नियमांनी कसे वागावे याचे नियम, हा त्याचा विषय आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. सूत्र जितके तोकडे, तितकी ते चुकीच्या जागी लागण्याची भीती अधिक. एका सूत्रातला शब्द पुढच्या किती सूत्रांत चालू राहतो? दोन सूत्रे एकाच वेळी लागू झाली तर कोणाचा मान मोठा? या प्रश्नांची उत्तरे निश्चित नसतील, तर तेच व्याकरण शुद्ध रूपाबरोबर अशुद्ध रूपही सिद्ध करील आणि सारी रचना कोसळेल. कात्यायन आणि पतंजलीपासून चालत आलेले याविषयीचे संकेत नागेशांनी एकत्र केले, एकेक पारखून घेतला आणि निराधार वाटले ते निःसंकोच बाजूला सारले.

एक उदाहरण पाहू. ‘कृ’ या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागला की ‘कृत’ होते. ‘तृच्’ लागला की ‘कर्तृ’, म्हणजे आपला ‘कर्ता’. पहिल्या रूपात ऋकार तसाच राहिला, दुसऱ्यात तो ‘अर्’ झाला. हा फरक ‘क्त’मधल्या ककाराने घडवला. हा ककार उच्चारात कधीच येत नाही. प्रत्ययाला चिकटवलेली ती केवळ खूण आहे, आणि येथे धातूच्या स्वराला गुण होऊ देऊ नये असे ती सांगते. अशा खुणांना अनुबंध म्हणतात. मग प्रश्न येतो, की ही खूण प्रत्ययाचा अवयव मानायची की बाहेरून लावलेली चिठ्ठी? नागेशांनी ग्रंथाच्या आरंभीच हे दोन्ही पक्ष मांडून त्यांचे परिणाम तपासले आहेत.

संगणकाची भाषा जाणणाऱ्याला हा वाद परका वाटणार नाही. सी भाषेत एखादे फंक्शन बोलावणाऱ्याकडे परत येणार नाही, असे सांगणारा गुणधर्म त्याच्या घोषणेला जोडता येतो. तो स्वतः कोणतेही काम करीत नाही. पण त्यावर विसंबून कंपायलर पुढची मांडणी बदलतो. असा गुणधर्म कोणत्या हद्दीपर्यंत धरायचा, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

त्या आधीचा एक वाद तर याहून जवळचा आहे. संज्ञा किंवा परिभाषा जिथे सांगितली तिथेच तिचा अर्थ ठरतो, हा यथोद्देश पक्ष. जिथे कार्य घडायचे तिथे ती जाऊन पोहोचते, हा कार्यकाल पक्ष. जैनाबादच्या काठावर लिहिलेला परवाना पैलतीरी दाखवला, तर त्याचा अर्थ कोणत्या काठाच्या रिवाजाने लावायचा, अशी कल्पना करावी. हा भेद पोकळ नाही. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतील कार्ये आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेलीच नसतात. मग आधी सांगितलेली परिभाषा त्या तीन पादांत लागू व्हावी कशी? यथोद्देश पक्षात ती अडते, कार्यकाल पक्षात पोहोचते. विसाव्या शतकात संगणकशास्त्रासमोर असाच पेच उभा राहिला. आरंभीच्या लिस्प भाषेत मोकळ्या नावाचा अर्थ फंक्शन बोलावले त्या ठिकाणच्या परिस्थितीवरून ठरे. १९७५ मधील स्कीम भाषेने तो फंक्शन लिहिले त्या जागेवरून ठरवला. दोन्ही शास्त्रे एक नव्हेत. पण थोडक्यात लिहिलेल्या नियमाची हद्द आखण्याची निकड दोन्हींना सारखीच भासली.

आतल्या कारणाने होणारे कार्य आधी, बाहेरच्या कारणाने होणारे नंतर, या तत्त्वाचीही नागेशांनी कसून चिकित्सा केली. पतंजलीने त्याला घरगुती दाखला दिला होता : माणूस सकाळी उठून आधी स्वतःच्या देहाची कामे उरकतो, मग मित्रांची, मग नातलगांची. दाखला सोपा, पण ‘आत’ म्हणजे नेमके कोठवर, हे ठरवण्यात नागेशांची बुद्धी पणाला लागली.

नागेशांना अपत्य नव्हते. ‘शब्देन्दुशेखर’ हा पुत्र आणि ‘मञ्जूषा’ ही कन्या मानून दोन्ही ग्रंथ त्यांनी शिवाला अर्पण केले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, या अर्थाच्या वचनाने ‘परिभाषेन्दुशेखर’ची समाप्ती होते. ते वचन जुने, संकलित केलेले आहे. तरीही निपुत्रिक ग्रंथकाराच्या हातून ते शेवटी आलेले पाहून वाचक क्षणभर थांबतो.

अठराव्या शतकाच्या मध्यास नागेशभट्ट निवर्तले. शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी ‘परिभाषेन्दुशेखर’वर ‘गदा’ ही टीका लिहिली आणि अध्यापनाची परंपरा पुढे चालू राहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात हा ग्रंथ संपादून इंग्रजीत आणला. पुढे पुण्यातच वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्यावर ‘तत्त्वादर्श’ ही टीका रचली. काशी न सोडणाऱ्या पंडिताचा ग्रंथ असा त्याच्या पूर्वजांच्या मुलखात परतला, आणि तेथून जगाच्या हाती गेला. पाणिनीय व्याकरण संगणकावर उतरवू पाहणाऱ्या अभ्यासकांना आजही पहिला प्रश्न पडतो तो हाच, की कोणते सूत्र कोठवर लागू धरायचे. आणि त्याच्या उत्तरासाठी त्यांना नागेशभट्टांकडे वळावे लागते.