अरणगावचे मेहेरबाबा आणि गोल्फच्या गावातली ५०० एकर

गोल्फचा आणि आपल्या नगर जिल्ह्याचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण संबंध आहे, आणि तो अरणगावच्या मेहेरबाबांमुळे आहे.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म पुण्यात २५ फेब्रुवारी १८९४ ला झाला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट्स आणि डेक्कन कॉलेजात. क्रिकेटची खूप आवड. १९१३ मध्ये हजरत बाबाजान भेटल्या आणि आयुष्याची दिशाच बदलली. १९२३ मध्ये ते अरणगावजवळच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर आले. तेच आजचं मेहेराबाद. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं, ते शेवटपर्यंत. आधी अक्षरफलक, आणि १९५४ नंतर फक्त हाताच्या खुणा.

आता अमेरिकेतलं मर्टल बीच बघा. समुद्रकाठी सुट्टी घालवायची आणि गोल्फ खेळायचं, यासाठीच हे गाव फेमस. तिथलं पहिलं गोल्फ कोर्स १९२७ मधलं, आज त्या किनाऱ्यावर डझनावारी कोर्सेस आहेत. कुठल्या कोर्सवर खेळायचं हे ठरवताना लोक ग्रीन फी, हॉटेलपासूनचं अंतर, वारा आणि सीझन बघतात.

बाबांनी मात्र पाच वेगळ्या गोष्टी बघितल्या. पाश्चात्त्य शिष्यांच्या केंद्रासाठी जागा शोधायचं काम त्यांनी एलिझाबेथ पॅटर्सन यांना दिलं. हवा समशीतोष्ण हवी, जमीन कुणी न वापरलेली हवी, पाणी भरपूर हवं, पुष्कळ माणसांचं पोट भरेल अशी माती हवी, आणि जागा मनापासून दिलेली हवी. एलिझाबेथचे वडील सिमिऑन चेपिन हे मर्टल बीचच्या मोठ्या जमीनमालकांपैकी एक. १९४० च्या दशकात तिथलीच सुमारे ५०० एकर जागा ठरली. १८ होलच्या कोर्सला साधारण १५० एकर लागतात. म्हणजे तीन कोर्सेस आरामात बसले असते! पण तिथे आजही झाडी, तळी आणि साध्या केबिन्स आहेत.

बाबा तिथे १९५२, १९५६ आणि १९५८ मध्ये गेले. २४ मे १९५२ ला ओक्लाहोमात मोटारीचा मोठा अपघात झाला, हात-पाय मोडले, तेव्हा बरे व्हायला ते मर्टल बीचलाच परतले. ३१ जानेवारी १९६९ ला त्यांनी नगरजवळ मेहेराझादला देह ठेवला. समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे.

बाबांना कुणी देव मानतं, कुणी मानत नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला इंटरेस्ट वाटला तो त्यांच्या साइट सिलेक्शनमध्ये. हवा, पाणी, माती हे सगळं आपण सर्व्हे करून मोजू शकतो. पाचवी अट कुठल्याच इन्स्ट्रुमेंटवर दिसत नाही. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी धरणाची, रस्त्याची, कारखान्याची जागा ठरवणार आहे. तेव्हा ज्याची जमीन जाते त्याने ती मनापासून दिली का, एवढं तरी आपण विचारायला हवं.