उद्योगमहर्षी जमशेटजी टाटा

भंडारा, पवनी, मोहाडी या आपल्या गावी विणकामाची विद्या बापाकडून मुलाकडे येत राहिली. परंतु वारशाने मिळालेले कसब तेवढ्यानेच फळास येते काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारी नागपुरास एका थोर पुरुषाने कृतीने देऊन ठेवले आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेऊन ते वडिलांच्या व्यापारात शिरले. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी, असे ठरवून त्यांनी नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी रेल्वेच्या नोकरीतील गृहस्थ. सूतकताईचा त्यांस गंध नव्हता. परंतु जमशेटजींनी त्यांची सचोटी व शिकण्याची हौस पारखली होती. बेझनजी काम शिकले आणि त्यांनीच ती गिरणी नावारूपास आणली. आरंभीची यंत्रे हलकी निघाली, तेव्हा मजुरांस बोल न लावता जमशेटजींनी ती बदलली. निकृष्ट हत्यार हाती देऊन उत्कृष्ट काम मागणे हा अन्यायच होय.

खरी अडचण हजेरीची होती. शंभरांतील वीस मजूर रोज गैरहजर राहत. दंडाचा मार्ग सोपा होता. जमशेटजींनी तो धरला नाही. गिरणीत खेळती हवा व हवेत ओलावा राखण्याची सोय केली, चांगल्या कामगारांस समारंभपूर्वक बक्षिसे दिली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी स्थापिला. पदवीधर तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन, विद्यावेतन देत, काम शिकविण्याची प्रथाही तेथे पडली. मजुरांचे मन गिरणीत रमले, हजेरी सुधारली व कामाचा दर्जा वाढला.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. पुढे ती गिरणीही बंद पडली. परंतु तिचा धडा जुना झालेला नाही.

शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यावर मला एवढे निश्चित वाटते की, शिक्षणावाचून कसब खुंटते आणि उत्तेजनावाचून शिक्षण कोमेजते. आपल्या समाजातील मुलांच्या हातांत कला आहे. त्यांस नवे शिक्षण, चांगले हत्यार व शाबासकीचा शब्द देणे, हे आपणां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय. ज्ञातिबांधवांनी याचा अवश्य विचार करावा.