गुरुपदाचा वारस : श्री गुरू नानकदेव

पित्याचे घर व शेत पुत्रास मिळते, हा लोकव्यवहार होय. परंतु पित्यास लाभलेले ज्ञानही रक्ताच्या नात्याने पुत्राकडे जाते काय? शीख पंथाचे आद्य प्रवर्तक श्री गुरू नानकदेव यांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी नव्हे, तर आचरणाने दिले.

त्यांचा जन्म इ. स. १४६९ मध्ये पंजाबातील तलवंडी या गावी खत्री कुळात झाला. हे गाव आता पाकिस्तानात असून ननकाना साहिब या नावाने प्रसिद्ध आहे. पिता मेहता कालू हे गावचे पटवारी, माता तृप्ता. थोरली बहीण नानकी हिचे यजमान जयराम यांच्या साहाय्याने नानकदेवांना सुलतानपूर येथे दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, नोकरी मिळाली. पत्नी सुलक्षणी आणि श्रीचंद व लक्ष्मीदास हे दोन पुत्र, असा त्यांचा प्रपंच होता. तेथेच त्यांना ईश्वरी साक्षात्कार झाला, असे परंपरा मानते. त्यानंतर रबाब वाजविणारा मुसलमान सोबती मर्दाना यास घेऊन त्यांनी दूरदूरचा प्रवास केला.

ईश्वर एक असून तो निराकार व अजन्मा आहे. त्याचे नाम स्मरावे, कष्टाने मिळवावे आणि वाटून खावे, हे त्यांच्या उपदेशाचे सार होय. उत्तरायुष्यात रावीच्या तीरी कर्तारपूर वसवून ते स्वतः शेती करू लागले. तेथे संगतीत भजन होई आणि उच्चनीच भेद न मानता सर्व जण एका पंगतीस बसत.

याच ठिकाणी लहणा नावाचा देवीभक्त आला व सेवेत रमला. चिखलाने माखलेला ओल्या गवताचा भारा उचलण्यास पुत्र कचरले असता लहण्याने तो निमूटपणे डोक्यावर घेतला, अशी कथा सांगतात. ज्येष्ठ पुत्र श्रीचंद विरक्त होते. उदासी संप्रदाय आपला उगम त्यांच्यापासूनच मानतो. तथापि नानकदेवांनी १५३९ मध्ये लहण्यासच गुरुपद दिले, त्यास अंगद, म्हणजे आपल्या अंगाचाच अंश, असे नाव ठेविले आणि स्वतः शिष्यापुढे मस्तक नमविले, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी कर्तारपूर येथे त्यांनी देह ठेविला.

अंगददेवांनीही १५५२ मध्ये आपल्या पुत्रांस बाजूस ठेवून वयोवृद्ध सेवक अमरदास यांस निवडले. पुढे चौथे गुरू रामदास यांच्यापासून हे पद एकाच कुळात राहिले खरे. परंतु १७०८ मध्ये महाराष्ट्रातील नांदेड येथे दहावे गुरू गोविंदसिंह यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथासच गुरुपद दिले, अशी शिखांची श्रद्धा आहे.

विरक्ती थोर, कुळही थोर; परंतु नानकदेवांच्या तुळेत अहंकाररहित सेवेचे पारडे जड ठरले. पुत्रमोह जिंकणे हे देशोदेशी फिरण्याहून कठीण होय. तो जिंकला म्हणूनच त्यांचा उपदेश त्यांच्या देहाबरोबर संपला नाही.