विश्लेषण : दख्खनच्या माशांना मराठी नावांनी ओळख देणारे कर्नल साइक्स कोण होते?

सावेडीच्या नळाला येणारे पाणी मुळा धरणाचे. याच मुळेच्या उगमाकडील भागातून २०२१ मध्ये माशाची एक नवी जात जगासमोर आली. दख्खनच्या नद्यांतील माशांच्या शास्त्रीय नोंदींचा पाया मात्र त्याआधी सुमारे दोन शतके एका लष्करी अधिकाऱ्याने घातला होता.

सैनिक ते अभ्यासक

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० चा. १८०३ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आले. खडकीच्या लढाईतही ते होते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड जिल्ह्यांतील शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी घेताना त्यांनी पक्षी, प्राणी व मासेही टिपले. १८२९ मध्ये पद रद्द झाले, तरी परवानगी मिळवून त्यांनी काम पुरे केले आणि १८३१ मध्ये ते मायदेशी परतले.

माशांचे काम महत्त्वाचे का?

१८३९ मध्ये त्यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्थानिक बोलीतील नावेच शास्त्रीय नावांत घेतली. टॉर खुद्री (महासीर), हिप्सेलोबार्बस कोलस, गारा मुल्या, थिनिक्थिस सांडखोल ही नावे आजही जगभर चालतात. नदीकाठच्या लोकांचे ज्ञान असे विज्ञानात टिकून राहिले.

अडचण कोणती?

त्यांनी वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे एखादे नाव नेमके कोणत्या माशाचे, हे ठरवायला त्यांनी सांगितलेल्या नद्यांतच पुन्हा शोध घ्यावा लागतो.

पुढे काय झाले?

साइक्स कंपनीचे संचालक, नंतर अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या एका लहान माशाला एव्हेझार्डी हे नाव दिले. पुढे सह्याद्रीत दूरवरच्या तशाच दिसणाऱ्या माशांनाही तेच नाव लावले गेले. शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर त्यात वेगळ्या जाती दडल्याचे दिसले. मुळेतील इंडोरिओनेक्टिस नीलेशी ही त्यांपैकीच.

सर्वत्र आढळणारा मासा एका नदीतून गेला, तर दुसरीकडे उरतो. एकाच खोऱ्यातली जात प्रदूषणाने किंवा वाळूउपशाने संपली, की कायमची संपते. साइक्स यांनी सुरू केलेली यादी म्हणूनच अजून पुरी झालेली नाही.